फाईलचं नाव कोणासाठी?

ज्या घरांत 2000 नंतरच्या दहा-बारा वर्षांत मराठी सिनेमे आणि नाटकं विकत घेऊन पाहिली गेली, तिथे कुठल्यातरी कपाटात व्हीसीडींची थप्पी हमखास सापडते. पातळ प्लॅस्टिकचं कव्हर, आत दोन किंवा तीन डिस्क, पुढे कलाकारांचे चेहरे आणि मागे बारीक अक्षरांत नेपथ्यकारापासून रंगभूषाकारापर्यंत सगळ्यांची नावं. प्लेअर केव्हाच भंगारात गेलेले असतात. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची खाचच नसते. आणि त्या थप्पीतली काही नाटकं दुसरीकडे कुठेही धड मिळत नाहीत. ती डिस्कवरून उतरवून घेणं, ज्याला सगळे 'रिप करणं' म्हणतात, आणि घरातल्या टीव्हीवर पुन्हा लावता येतील अशी मांडून ठेवणं, हे काम मला मनापासून मोलाचं वाटतं.

आमच्या घरात ते काम दोघांनी हाती घेतलं आहे. मामा कॉलेजच्या ग्रंथालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाला. धाकटी बहीण सॉफ्टवेअरमध्ये आहे. कामाची तळमळ दोघांना सारखीच, पण सुरुवात कुठून करायची यावरच त्यांचं जमत नाही. त्यांचं बोलणं इथे देतो. मला जिथे राहवलं नाही तिथे मध्ये बोललो आहे.

धाकटी : मामा, आधी सगळं उतरवून घेऊ या. नावांचं मागून बघता येईल. व्हीसीडीला कुलूपबिलूप नसतं. आत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर, त्यात एव्हीसेक01 नावाची एक फाईल. ती उचलली की सिनेमाचा पहिला भाग आला.

मामा : दुसऱ्या डिस्कवरच्या फाईलचं नाव काय?

धाकटी : तेच. एव्हीसेक01.

मामा : आणि 'धुमधडाका'च्या शेजारी ठेवलेल्या 'झपाटलेला'तल्या?

धाकटी : तेच रे. फॉरमॅटच तसा आहे. डीव्हीडीचंही तसंच. व्हिडिओ टीएस फोल्डरमध्ये एकेक जीबीचे तुकडे असतात आणि त्यांची नावं प्रत्येक डिस्कवर सारखीच. मेकएमकेव्हीने ते जोडून एक फाईल केली, तरी ती पुष्कळदा 'टायटल टी00' अशाच नावाने बाहेर पडते.

मामा : म्हणजे आठवडाभर डिस्का उतरवल्यास की तुझ्याकडे एकाच नावाचा ढीग जमणार. कुठली कोणती हे कळायला प्रत्येक उघडून बघायची. नोंद न करता पुस्तक कपाटात ठेवलं तर ते हरवलंच म्हणून समजायचं, असं आम्हाला पहिल्या वर्षी शिकवायचे.

धाकटी : आणि नोंद करत बसलो तोवर डिस्क वाचायचीच बंद झाली तर? डेटा सीडीत चुका दुरुस्त करायला जादा मजकूर भरलेला असतो. व्हीसीडीच्या चित्राच्या भागात तो ठेवलेलाच नाही. ती जागाही चित्रालाच दिली. म्हणून तर एका सीडीवर 74 मिनिटांचा व्हिडिओ मावतो. पण त्यामुळे ओरखडा पडला की सावरायला मागे काही नाही. फाईल साधी कॉपी-पेस्ट करायला गेलं तर पहिल्याच खराब जागी अडकते. व्हीसीडीइमेजरसारखं, व्हीसीडी ओळखणारं साधन लागतं. डीव्हीडीसाठी डीडीरेस्क्यू आहे. ते खराब जागा सोडून पुढे जातं, चांगलं तेवढं आधी उचलतं आणि मग राहिलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. एका ड्राइव्हला न वाचता आलेली जागा दुसऱ्याला वाचता येते, असंही होतं. या सगळ्याला वेळ लागतो, मामा. डिस्क रोज थोडी थोडी जातेय.

इथे ती बरोबर आहे, आणि मामालाही ते पटलं. डिस्क उतरवणं हे घाईचं काम आहे. पण मामाने एक अट घातली. डिस्क ड्राइव्हमध्ये जाण्याआधी तिच्या नावाचं फोल्डर तयार हवं, आणि कव्हरची पुढची-मागची बाजू स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये पडायला हवी. नाव पुढे बदललं तरी चालेल, पण बिननावाचं काही ठेवायचं नाही.

पुढचा वाद फाईलच्या आकाराचा.

धाकटी : व्हीसीडी मी जशीच्या तशी ठेवणार. चित्रच मुळात 352 बाय 288 चं. ते आणखी दाबून काय वाचणार? दोन डिस्का न दाबता नुसत्या जोडायच्या, की झालं. डीव्हीडी मात्र हँडब्रेकमधून काढू. सहा-सात जीबीचा सिनेमा दीड जीबीत बसतो आणि टीव्हीवर फरक जाणवत नाही.

मामा : आज जाणवत नसेल. तुझ्या मुलीच्या टीव्हीवर जाणवणार नाही कशावरून? आणि ते दात दिसतात ते?

'दात' म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या व्हिडिओत सेकंदाला 25 चित्रं असतात, पण कॅमेऱ्याने टिपलेल्या नाटकात प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत टिपलेलं असतं: एका वेळी एकाआड एक ओळी, सेकंदाच्या पुढच्या पन्नासाव्या भागात उरलेल्या. जुन्या टीव्हीवर ते लक्षात येत नसे. संगणकाने दोन्ही भाग एकत्र दाखवले की हात हलवणाऱ्या नटाच्या बाहीला कंगव्यासारखे दात फुटतात. ते घालवताना अर्धा भाग टाकून दिला तर दात जातात, पण हालचालीतली सफाईही जाते. दोन्ही भागांतून दोन पूर्ण चित्रं करून सेकंदाला 50 ठेवली, तर नाटक पुन्हा समोर घडल्यासारखं दिसतं. एकदा चुकीचं दाबून ठेवलं आणि मूळ पुसलं, तर ते परत मिळवायला काही मार्ग नाही. सिनेमाच्या बाबतीत मी धाकटीचं ऐकेन. नाटकाच्या बाबतीत मूळ ठेवायलाच हवं. चार टीबीच्या हार्ड डिस्कवर सहा जीबीच्या सहाशेहून जास्त डीव्हीडी मावतात. घरातल्या संग्रहाला एवढी जागा पुष्कळ झाली.

धाकटी : बरं, ठेवू. पण दोन ठिकाणी ठेवायचं. एकाच डिस्कवर सगळं ठेवलं तर त्याला जपून ठेवलं म्हणत नाहीत.

मामा : त्यावर माझं काही म्हणणं नाही. आता नावाचं बोल.

धाकटी : नाव साधं. रोमनमध्ये सिनेमाचं नाव, गोल कंसात वर्ष. तेच फोल्डरला, तेच फाईलला. जेलिफिन, प्लेक्स, कुठलाही मीडिया सर्व्हर घे, तो नाव वाचतो, टीएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या साठ्यात शोधतो आणि पोस्टर, कलाकार, गोष्ट सगळं आपोआप आणून लावतो.

मामा : आपोआप आणलेलं मी बघितलं ना परवा. 'नटसम्राट' नाटकाची डिस्क उतरवलीस, नाव दिलंस 'नटसम्राट', आणि तुझ्या सर्व्हरने काय लावलं?

धाकटी : 2016 च्या सिनेमाचं पोस्टर.

मामा : पोस्टरवर नाना पाटेकर, कलाकारांत नाना पाटेकर, दिग्दर्शक महेश मांजरेकर. आणि आत रंगमंच, पडदा, टाळ्या! उद्या कोणी पोरगं हे उघडेल आणि म्हणेल, सिनेमाची प्रिंट खराब आहे. शिरवाडकरांचं नाटक 1970 चं. डॉ. लागूंनी बेलवलकर उभा केला, पुढे दत्ता भटांनी केला. कुणाचा बेलवलकर आहे हे ज्या नावातून कळत नाही, त्या नावाचा मला काय उपयोग?

धाकटी : नाटकासाठी सर्व्हरमध्ये वेगळी लायब्ररी करता येते. घरगुती व्हिडिओ ठेवायचा प्रकार निवडला की तो बाहेरून काहीच आणत नाही. आपण दिलेलं नाव आणि चित्र तेवढंच दाखवतो.

मामा : मग तर नाव आणखी नीट द्यायला हवं. बाहेरून काही येणार नाही म्हणतेस ना?

मला वाटतं मराठी माणसाच्या घरच्या संग्रहाचं खरं मर्म इथे आहे. सिनेमाला निदान साठा असतो, चुकीचा का होईना. डिस्कवर निघालेल्या नाटकाला तोही नाही. एकच नाटक पिढ्यान्पिढ्या चालतं आणि नटसंच बदलत राहतो. 'ती फुलराणी'तली मंजुळा आधी भक्ती बर्व्यांची, पुढे सुकन्या कुलकर्णी आणि अमृता सुभाष यांचीही. 'तो मी नव्हेच' 1962 मध्ये रंगमंचावर आलं आणि प्रभाकर पणशीकर ते पुढे कित्येक वर्षं करत राहिले. पहिल्या वर्षातला लखोबा आणि उतारवयातला लखोबा एकच कसा म्हणायचा? नाटकाला वर्षंही तीन असतात: रंगमंचावर आलं ते, कॅमेऱ्याने टिपलं ते, आणि डिस्क बाजारात आली ते. कव्हरच्या मागे छापलेलं वर्ष बहुधा तिसरं, म्हणजे सर्वांत बिनमहत्त्वाचं.

धाकटी : मग नाटकाच्या नावात कुठलं वर्ष घालायचं?

मामा : चित्रणाचं. माहीत असेल तर.

धाकटी : आणि नसेल तर?

मामा : तर जागा मोकळी. अंदाजाने वर्ष घालायचं नाही. मोकळी जागा बघून कोणीतरी शोधायला लागेल. चुकीचं वर्ष दिसलं तर कोणीच शोधणार नाही.

त्यांनी ठरवलेला साचा असा: आधी नाटकाचं नाव, मग आडवी रेघ, मग प्रमुख कलाकार, आणि खात्री असेल तरच शेवटी चित्रणाचं वर्ष. मामाला त्यात लेखक, दिग्दर्शक आणि नाट्यसंस्थाही हवी होती.

धाकटी : मावणार नाही. लिनक्सवर फाईलच्या नावाला 255 बाइट मिळतात आणि देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे काना, मात्रा, वेलांट्या धरून 85 चिन्हं. त्यात तुझी अख्खी श्रेयनामावली कशी बसवू? उरलेलं एनएफओ फाईलमध्ये लिही. ती साधी मजकुराची फाईल असते, सिनेमाच्या शेजारी त्याच नावाने ठेवायची. सर्व्हरही ती वाचतो आणि माणूसही.

मामा : म्हणजे नाव देवनागरीत ठेवायला तू तयार आहेस तर.

धाकटी : नाटकापुरतं. सिनेमाला रोमनच. साठ्यात रोमन नावाने पटकन सापडतं.

मामा : महेश कोठाऱ्यांचा 'दे दणादण' रोमनमध्ये लिहून दाखव. आणि त्याच्याखाली अक्षयकुमारचा 'दे दना दन' लिही.

ती थांबली. पहिला 1987 चा मराठी, लक्ष्मीकांत बेर्ड्यांचा. दुसरा 2009 चा हिंदी, प्रियदर्शनचा. रोमनमध्ये 'ण' आणि 'न' यांतला फरक पुसला जातो, आणि मग दोघांना वेगळं करायला उरतं ते फक्त वर्ष. 'अशी ही बनवाबनवी'चं रोमन लेखन तर जेवढी कव्हरं तेवढ्या तऱ्हांचं. देवनागरीत ते एकाच तऱ्हेने लिहिलं जातं.

धाकटी : देवनागरीतही एकाच तऱ्हेने नाही, मामा. हे बघ.

तिने दाखवलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. लक्ष्मण देशपांड्यांच्या त्या एकपात्रीची दोन फोल्डर, स्क्रीनवर अक्षर न् अक्षर सारखं. पण एकात 'ऱ्ह' हा नुक्त्याच्या 'ऱ' पासून केलेला, आणि दुसऱ्यात साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकलेलं. डोळ्यांना एक, संगणकाला दोन. एका तऱ्हेने शोधलं तर दुसरं सापडत नाही. शिवाय नुक्त्याचा 'ऱ' स्वतःसुद्धा दोन प्रकारे साठवता येतो: एकसंध, किंवा 'र' आणि नुक्ता वेगवेगळे. मॅकची जुनी फाईल-पद्धत अशी नावं फोडून साठवत असे, त्यामुळे तिथून आणलेल्या फाइली विंडोजवर टाइप केलेल्या नावाशी जुळत नाहीत.

धाकटी : आणि 'दुःख' लिहिताना निम्मी जनता विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाइप करते. विंडोज तो फाईलच्या नावात घेतच नाही. प्रश्नचिन्हही घेत नाही.

मामा : मग नियम करू. 'ऱ' एकसंध, विसर्ग खरा, प्रश्नचिन्ह गाळायचं. ग्रंथालयात शीर्षकांच्या कार्डांसाठी याहून बारीक नियम असायचे. नियम असावे लागतात म्हणून लिपी टाकून देत नाहीत.

मी मामाच्या बाजूचा आहे, आणि हे केवळ भाषेच्या प्रेमापोटी म्हणत नाही. संगणकाच्या अडचणी नियमाने सुटतात. ती 'ऱ'ची भानगड सुटायला छोटा प्रोग्राम पुरतो, आणि धाकटीने तो जेवणाआधी लिहून टाकलासुद्धा. 'दणादण'मधला गमावलेला 'ण' मात्र कुठलाही प्रोग्राम परत आणत नाही.

सर्व्हरची सोय त्यासाठी सोडावी लागत नाही. जेलिफिनमध्ये फोल्डरच्या नावाला चौकोनी कंसात टीएमडीबीवरचा क्रमांक जोडता येतो. प्लेक्स तोच महिरपी कंसात मागतं. क्रमांक दिला की नाव कुठल्या लिपीत आहे याने फरक पडत नाही. तेव्हा नाव माणसासाठी आणि क्रमांक यंत्रासाठी, असा हिशेब दोघांना मान्य झाला. वर्ष तेवढं इंग्रजी अंकांत, कारण सर्व्हर तेच शोधतो.

धाकटी : आणि वर्ष साठ्यातलंच घ्यायचं. उगाच वाद नको.

मामा : 'कोर्ट' आपण 2015 मध्ये थिएटरला बघितला.

धाकटी : व्हेनिसच्या महोत्सवात तो 2014 मध्ये दाखवला होता. पहिल्यांदा जिथे कुठे दाखवला ते वर्ष धरतात. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'चंही तसंच. 2009 मध्ये ऑस्करला भारतातर्फे गेला, थिएटरला लागला 2010 मध्ये.

मामा : हे मला मान्य आहे. पुस्तकाचंही पहिल्या आवृत्तीचं सालच धरतात. पण आपल्याकडे कधी लागला ते एनएफओत लिहून ठेव.

'श्यामची आई'वर वाद झाला नाही. अत्र्यांचा 1953 चा आणि 2023 चा, दोन फोल्डर, दोन वर्षं, काम झालं. अडलं ते प्रभातच्या दुभाषी सिनेमांवर.

धाकटी : 'शेजारी' आणि 'पडोसी' एकाच फोल्डरमध्ये टाकते. एकच सिनेमा, दोन भाषांतला. डबिंग असतं तसं.

मामा : अगं, डबिंग कसलं! शांतारामबापूंनी 1941 मध्ये दोन वेगळे सिनेमे केले. मराठीत केशवराव दाते आणि गजानन जागीरदार. हिंदीत जागीरदारांसमोर मझहर खान. आणि हिंदीत तर मुसलमान म्हाताऱ्याचं काम जागीरदारांनी केलं आणि हिंदू म्हाताऱ्याचं मझहर खाननी. ते एका फोल्डरमध्ये टाकलंस की सर्व्हर एक पोस्टर लावणार आणि दुसरा नट पुसला जाणार.

धाकटी : म्हणजे 'कुंकू' आणि 'दुनिया न माने'सुद्धा वेगळे. 'माणूस' आणि 'आदमी' वेगळे. जब्बार पटेलांचे 'उंबरठा' आणि 'सुबह' वेगळे.

मामा : वेगळे. आणि प्रत्येकाच्या एनएफओत दुसऱ्याचा उल्लेख. कार्डावर 'हेही पाहा' लिहायचो तसा.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. आपल्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो, म्हणजे 'शेजारी' केव्हाच सर्वांचा झाला आहे. नव्या सिनेमांच्या बाबतीत खासगी, वैयक्तिक वापरासाठीच्या रास्त व्यवहाराला कायद्यात जागा आहे, आणि 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 65-अ शिक्षा सांगतं ती हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला. विकत घेतलेली डिस्क स्वतःच्या घरात बघायला उतरवणं एक, आणि तिच्या प्रती वाटत सुटणं अगदी वेगळं. मामाच्या घरातून आजवर एकही फाईल बाहेर गेलेली नाही.

शेवटचा वाद मात्र मला अनपेक्षित होता. तो धाकटीने काढला.

धाकटी : मामा, एवढं सगळं आपण आपल्या डिस्कवर लिहितोय. टीएमडीबी लोकांनीच भरलेला साठा आहे. कोणालाही खातं काढून दुरुस्त करता येतो. मराठी सिनेमांच्या पानावर कितीदा मूळ नाव रोमनमध्येच असतं, कलाकार दोन-तीनच असतात. ते कोणी भरायचं?

मामा : ज्याचा साठा त्याने.

धाकटी : साठा आपलाच आहे ना मग. तू म्हणतोस सर्व्हर चुकीचं आणतो. सर्व्हरला कोणी बरोबर सांगितलंच नाही, तर तो आणणार कुठून? तुझ्याकडे कव्हरं आहेत. मागची बारीक अक्षरं तुझ्याशिवाय कोणी वाचत नाही.

मामा : मला तुमच्या त्या पद्धती येत नाहीत. आणि कोणीतरी येऊन माझं लिहिलेलं बदललं तर?

धाकटी : बदलू दे. कव्हर आपल्याकडे आहे. पुन्हा लिहू.

मामाला ते लगेच पटलं नाही. त्याच्या मते नोंद जबाबदार माणसाने करायची असते; कोणीही येऊन खोडावी अशी नोंद त्याला नोंद वाटत नाही. मला दोघांचंही दुखणं कळतं, पण इथे मी धाकटीकडे झुकतो. ग्रंथपालाने चाळीस वर्षांत कमावलेली नजर एका घरातल्या दोन हार्ड डिस्कवर अडकून पडावी, हे मला नुकसान वाटतं.

मामा : नाटकांचं काय? ती त्या साठ्यात बसत नाहीत म्हणालीस.

धाकटी : नाटकांची यादी आपण वेगळी करू. नाटक, नटसंच, चित्रण, डिस्कचे भाग. साधा तक्ता. नाट्यवेड्या माणसांना ती यादी पाठवता येईल. फाईल नाही पाठवायची, नुसती यादी. कोणाकडे काय आहे ते तरी कळेल.

मामा : तक्त्यात आणखी एक रकाना घाल. डिस्क कुठे खराब आहे, कुठल्या अंकात, किती मिनिटाला. त्याच नाटकाची डिस्क दुसऱ्या कोणाकडे असली आणि तिची तेवढी जागा चांगली असली, तर निदान तेवढा भाग जोडून घेता येईल.

धाकटी : हा रकाना मला सुचला नव्हता. मिनिटं कशी लिहू, डिस्कवरची की अख्ख्या नाटकाची?

मामा : डिस्कवरची. डिस्कचा क्रमांक आधी.